मुलाम्याचे काटे-चमचे: लिलावात पारखायचे कसे आणि घरी आणल्यावर सांभाळायचे कसे

इंग्लंडमधल्या लहान शहरांतल्या लिलावगृहांच्या याद्या चाळल्या, की एक नोंद हमखास भेटते: एका कुटुंबाच्या खासगी संग्रहातून, ओकच्या पेटीतला सिल्व्हर प्लेट कटलरीचा संच. आत हिरवी बनात, खाचांमध्ये ओळीनं मांडलेले काटे, चमचे, सुऱ्या. तिथं राहणाऱ्या किंवा इथून ऑनलाइन बोली लावणाऱ्या मराठी माणसाच्या मनात पहिला प्रश्न सराफाच्या दुकानातला येतो, की यात चांदी किती? मोडीत घालण्याजोगी नाहीच, असं धरून चाला. तुम्ही पैसे मोजता ते दोन गोष्टींसाठी. वरचा चांदीचा थर अजून किती उरलाय आणि संच पुरा आहे का. घराणं मोठं होतं की छोटं, याचा भाव यानंतर येतो.

आधी यादीतली भाषा. जुन्या इंग्रजीत ‘प्लेट’ हा शब्द खऱ्या चांदीच्या भांड्यांसाठीही वापरत, त्यामुळे गोंधळ होतो. एक सोपी खूण अशी की वस्तू खऱ्या चांदीची असेल तर यादीत वजन दिलेलं असतं, बहुतेक वेळा ट्रॉय औंसांत (एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम). मुलाम्याच्या वस्तूचं वजन कोणी देत नाही, कारण त्या वजनाला भाव नाही. ‘शेफील्ड’ या शब्दालाही भुलू नका. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडायची आणि दोन्ही एकत्र लाटायची युक्ती थॉमस बोल्सोव्हर यानं १७४३च्या सुमारास शेफील्डमध्ये शोधली. तिला ‘ओल्ड शेफील्ड प्लेट’ म्हणतात. पण त्या पद्धतीचे काटे-चमचे दुर्मीळ आहेत, कारण लाटलेल्या पत्र्यातून ट्रे, मेणबत्तीचे स्टँड नीट होतात, चमच्याची जाड दांडी नाही. चमच्यामागे नुसतं ‘शेफील्ड’ उमटलेलं असेल तर ते गावाचं नाव, बाकी काही नाही.

तुमच्या हाती येणारा संच जवळजवळ नक्की विजेच्या मुलाम्याचा असणार. या पद्धतीचं पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० साली घेतलं. चांदीच्या सायनाइड द्रावणात वस्तू बुडवून वीज सोडायची, की चांदीचा थर चढतो.

पाठीवरचे ठसे

दांडीच्या मागं चार-पाच चौकोनांत किंवा ढालींत अक्षरं ठोकलेली असतात. ती मुद्दाम चांदीच्या हॉलमार्कसारखी दिसतील अशी बेतलेली असत. भिंगातून एकेक अक्षर वाचा. ई, पी, एन, एस ही चार अक्षरं दिसली तर आतला धातू निकेल सिल्व्हर, म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण, त्यात चांदीचा कणही नसतो. लग्नात आहेर म्हणून मिळालेल्या जर्मन सिल्व्हरच्या निरांजनाबद्दल ज्यांचा गैरसमज झालाय, त्यांना हे नव्यानं सांगायला नको. ई, पी, बी, एम असेल तर आत ब्रिटानिया मेटल, म्हणजे कथील, अँटिमनी आणि थोडं तांबं. हा धातू मऊ असतो, लवकर वाकतो, कमी उष्णतेत वितळतो आणि त्यावर पुन्हा मुलामा चढवायला कारागीर नाखूश असतात. रोजच्या वापरासाठी घेत असाल तर ब्रिटानिया सोडून द्या.

‘ए वन’ हा ठसा त्या कारखान्याच्या चांगल्या प्रतीचा मुलामा सांगतो, पण ही प्रत प्रत्येकानं आपापली ठरवलेली होती. दोन वेगळ्या कारखान्यांचे ‘ए वन’ सारखेच जाड असतील असं नाही. उभा सिंह नव्हे, चालता सिंह दिसला तर मात्र थांबा. तो खऱ्या इंग्लिश स्टर्लिंग चांदीचा, ९२५ शुद्धतेचा ठसा आहे. कधीकधी मुलाम्याच्या पेटीत एखादा खरा चांदीचा चमचा मिसळलेला निघतो, आणि यादी करणाऱ्याच्या नजरेतून तो सुटलेला असू शकतो. मुकुटाचं उलट. शेफील्डच्या चांदीवर मुकुट असे, म्हणून काही मुलामेवालेही मुकुट ठोकत. १८९६ पासून त्यांना ते बंद करावं लागलं. म्हणजे ई पी एन एस आणि मुकुट एकत्र दिसले तर वस्तू बहुधा त्याआधीची.

कारखान्यांच्या खुणाही ओळखीच्या होतात. वॉकर अँड हॉलचं निशाण, जेम्स डिक्सनचा कर्णा, विल्यम हटनचे एकमेकांवरून गेलेले बाण. मॅपिन अँड वेबच्या वरच्या प्रतीच्या मालावर ‘प्रिन्सेस प्लेट’ (Prince’s Plate) असं लिहिलेलं असतं. एल्किंग्टन सालदर्शक अक्षरं ठोकत असे, त्यावरून वर्षही काढता येतं.

जर्मन माल असेल, विशेषतः डब्ल्यूएमएफ या कारखान्याचा, तर ‘९०’ हा आकडा दिसतो. याचा अर्थ ९० टक्के चांदी नव्हे. २४ चौरस डेसिमीटर पृष्ठभागावर, म्हणजे ढोबळमानानं बारा मोठे चमचे आणि बारा काटे मिळून, ९० ग्रॅम चांदी चढवली आहे असा तो हिशेब. थराची जाडी सुमारे ३६ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येते आणि एका नगाला पावणेचार ग्रॅम चांदी. तीही नवी असतानाची. हा आकडा लक्षात ठेवला की ‘वितळवून चांदी काढू’ हा विचार आपोआप मागे पडतो.

‘अल्पाका’, ‘नेवाडा सिल्व्हर’, ‘अर्जेंटाइन’ असे ठसे असतील तर बहुतेकदा वर मुलामाही नसतो, नुसता निकेलचा धातू असतो.

झीज कुठं पाहायची

सगळा संच बारकाईनं पाहायची गरज नाही. चांदी झिजते त्या जागा ठरलेल्या आहेत. चमचा टेबलावर ठेवला की त्याची पाठ जिथं टेकते, तिथं पहिला थर जातो. काट्याच्या दात्यांची टोकं आणि मागची बाजू, दांडीचं टोक, आणि ‘किंग्ज’सारख्या भरगच्च नक्षीच्या पॅटर्नमध्ये नक्षीचे उंचवटे, या पुढच्या जागा. ‘ओल्ड इंग्लिश’सारख्या साध्या दांडीवर झीज सपाट पसरते आणि डोळ्यांना चटकन दिसत नाही, म्हणून तिथं जास्त सावध.

नग पांढऱ्या कागदावर पालथा ठेवा, खिडकीजवळ नेऊन तिरका करा. चांदी थंड पांढरी दिसते. त्याखालचं निकेल सिल्व्हर किंचित पिवळट-करडं. ब्रिटानिया मेटल उघडं पडलं तर निळसर काळपट डाग. तांबूस रंग दिसला तर खाली तांबं. नुसतं काळवंडलेलं आहे की थर गेलाय हे कळत नसेल, तर कोपऱ्यावर सुती कापड घासून पाहा. काळेपणा कापडावर उतरतो. पिवळटपणा तिथंच राहिला तर ती झीज आहे, कितीही पॉलिश केलं तरी जाणार नाही. उलट पॉलिशनं वाढेल. म्हणूनच विक्रीच्या आदल्या आठवड्यात चकाचक घासलेल्या संचापेक्षा काळवंडलेला संच घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. काळेपणाखाली थर शाबूत असण्याची शक्यता जास्त, आणि बाकीचे बोली लावणारे त्याला बिचकतात.

काटे एका ओळीत, दांडीची टोकं जुळवून ठेवा. सगळ्यांचे दाते समान लांब हवेत. वर्षानुवर्षं वापरलेल्या काट्याचा बाहेरचा एक दाता आखूड आणि धारदार झालेला असतो. जेवणाचा मोठा काटा साधारण २० ते २१ सेंटिमीटर, डेझर्टचा १७ ते १८, चहाचा चमचा १३ ते १४. ही मापं जवळ असली की फोटोवरून ‘टेबल’ म्हणून विकलेला डेझर्टचा काटा ओळखता येतो.

लोहचुंबक खिशात असू द्या. निकेल सिल्व्हरला तो चिकटत नाही, चांदीलाही नाही. काटा चुंबकाला धरतो म्हणजे आत पोलाद आहे, आणि थर गेला तिथं गंजेल.

प्रत्यक्ष जाता येत नसेल तर लिलावगृहाला आधी लिहून विचारा. नुसतं ‘स्थिती कशी आहे’ असं विचारलं तर ‘वयाच्या मानानं चांगली’ असं उत्तर येतं, ते काही कामाचं नाही. नेमकी मागणी करा: सगळ्या चमच्यांच्या पाठी एका ओळीत, काट्यांच्या दात्यांचा जवळून फोटो, ठशांचा एक फोटो, सुऱ्या कानाशी हलवल्यावर खडखडतात का, आणि प्रत्येक प्रकार किती नग. चांगलं लिलावगृह दोन दिवसांत उत्तर देतं.

मोजणी

सहा जणांच्या पुऱ्या संचात बहुधा ४४ नग असतात. जेवणाच्या सुऱ्या, जेवणाचे काटे, डेझर्टच्या सुऱ्या, डेझर्टचे काटे, डेझर्टचे चमचे, सूपचे चमचे, चहाचे चमचे हे प्रत्येकी सहा, आणि वाढायचे दोन मोठे चमचे. आठ जणांचा असेल तर अनेकदा ६०. सगळ्यात आधी हरवतात ते चहाचे चमचे. (जगातल्या कुठल्याही घरात.) त्यांच्या जागी दुसऱ्या पॅटर्नचे घुसवलेले असतात. पेटीतल्या खाचा मोजा: खाच आहे पण नग नाही, किंवा नग खाचेत सैल बसतोय, म्हणजे संच मूळचा नाही. प्रत्येक नगावरचा कारखान्याचा ठसा एकच आहे का, दांडीवरची आद्याक्षरं एकच आहेत का, हेही पाहा.

आद्याक्षरं किंवा घराण्याचं चिन्ह कोरलेलं असेल तर भाव थोडा उतरतो, कारण दुसऱ्याच्या नावाचे चमचे सगळ्यांना नको असतात. वापरायला घेणाऱ्याचा हा फायदा. पण ते नाव घासून काढण्याच्या भानगडीत पडू नका. मुलाम्यावरचं कोरीवकाम घासलं की त्याबरोबर थरही जातो आणि तिथं पिवळा डाग कायमचा उरतो.

माशांच्या सुऱ्या-काट्यांचा वेगळा संच जोडीला आला तर तो बऱ्याचदा फुकटात पडल्यासारखा असतो. जुन्या साध्या पोलादाच्या पात्याला लिंबू लागलं की माशाची चव बिघडे, म्हणून इंग्लंडमध्ये चांदीच्या किंवा मुलाम्याच्या खास सुऱ्या आल्या. सुरमईच्या तुकड्यासमोर त्या कोण काढून बसणार हा प्रश्न आहेच, पण केक वाढायला त्या छान चालतात.

सुऱ्या आणि मुठी: इथं फसगत होते

जेवणाच्या सुरीची मूठ बऱ्याचदा पोकळ असते. दोन अर्धे पत्रे जोडून आत राळ भरलेली, त्यात पात्याचा शेपटा रुतवलेला. गरम पाण्यात भिजली की राळ सैल होते आणि पातं हलायला लागतं. पात्यावर ‘स्टेनलेस’ असेल तर ते १९१३ नंतरचं, कारण त्या वर्षी शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीनं हे पोलाद केलं. आधीच्या पात्यांना गंज चढतो. मूठ जुनी आणि पातं नवं अशी जोडी सर्रास आढळते, ती फसवणूक नव्हे, दुरुस्ती आहे.

मूठ पांढरट असेल तर मात्र गंभीरपणे बघा. सेल्युलॉइड असेल तर अगदी सरळ, समांतर रेघा दिसतात आणि जोरात घासल्यावर कापरासारखा वास येतो. हाड असेल तर भिंगातून बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात. हस्तिदंत असेल तर मुठीच्या बुडाच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या कमानदार रेघांची जाळी दिसते. ब्रिटनमध्ये हस्तिदंताच्या विक्रीबंदीचा कायदा ६ जून २०२२ पासून लागू आहे. १९४७ पूर्वीच्या वस्तूंना मिळणारी सूट हस्तिदंत एकूण आकारमानाच्या १० टक्क्यांहून कमी असेल तरच आहे, आणि आख्खी मूठ हस्तिदंताची म्हटल्यावर सुरी त्यात बसत नाही. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. असा संच मोहात पडून घेऊ नका, भेट म्हणून आणूही नका.

बोलीचा हिशेब

हातोडा पडला तो आकडा म्हणजे तुमचं बिल नव्हे. त्यावर खरेदीदाराचं शुल्क लागतं, शुल्कावर व्हॅट लागतो, ऑनलाइन मंचावरून बोली लावली तर त्याचं वेगळं. समजा बोली ८० पौंडांवर थांबली, शुल्क २५ टक्के, व्हॅट २० टक्के, मंचाचे ५ टक्के. शुल्क २०, त्यावर व्हॅट ४, मंचाचे ४ आणि त्यावरचा व्हॅट ८० पेन्स. एकूण १०८ पौंड ८० पेन्स. टक्केवारी प्रत्येक ठिकाणी वेगळी, ती विक्रीच्या अटींत आधी वाचा. म्हणून उलटा हिशेब करा: खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ द्यायचे ते ठरवा, त्याला वरच्या उदाहरणात १.३६ नं भागा, येईल ती तुमची शेवटची बोली. ती कागदावर लिहून ठेवा, कारण पडद्यावर आकडा सरकायला लागला की माणूस आणखी दहा, आणखी दहा करत जातो.

बहुतेक लहान लिलावगृहं स्वतः पार्सल पाठवत नाहीत, बाहेरच्या पाठवणाऱ्याचं नाव देतात. ४४ नगांचं वजन अडीच-तीन किलो, लाकडी पेटी धरून त्याच्या दुप्पट किंवा जास्त. पेटी साधी आणि खराब असेल तर ती सोडून नुसते काटे-चमचे मागवणं परवडतं. ठरलेल्या दिवसांत माल उचलला नाही तर साठवणुकीचं भाडं चढतं. भारतात येताना सुऱ्या विमानाच्या चेक-इन सामानात, हातबॅगेत नाही. खरेदीची पावती सोबत, कस्टमवाला विचारणारच. मुंबईत चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवर असा सुटा माल पाहायला मिळतो. तिथं बोली नाही, पण पाठ, दाते, चुंबक, ठसा ही तपासणी तीच.

घरी आणल्यावर

आधी नुसतं धुवा. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचं द्रव साबण, मऊ स्पंज. लगेच कोरडं पुसा. अर्ध्या संचाला एवढंच पुरतं.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे, चांदीचं सल्फाइड तयार होऊन. अंडं, कांदा, लसूण, लोकर, रबर, वर्तमानपत्र या सगळ्यांतून तो गंधक येतो. काळेपणा हलका असेल तर चांदीसाठीचं सौम्य पॉलिश किंवा बारीक खडूची पूड पाण्यात कालवून मऊ सुती कापडावर घ्या आणि दांडीच्या लांबीला हलक्या हातानं फिरवा, गोल गोल नाही. नक्षीतला काळेपणा थोडा राहू द्या. तो काढला की नक्षी सपाट दिसते.

रांगोळी, राख, टूथपेस्ट, तांब्या-पितळेची पावडर यातलं काही वापरू नका. देवघरातली चांदीची वाटी वर्षानुवर्षं रांगोळीनं घासली तरी चालून जाते, कारण ती आतपर्यंत चांदी आहे. इथं थर केसाच्या जाडीपेक्षा पातळ. पाच दिवाळ्यांत संपेल.

अ‍ॅल्युमिनियम फॉइलची युक्ती सगळ्यांना माहीत आहे: भांड्याच्या तळाशी फॉइल, एक लिटर उकळतं पाणी, एक मोठा चमचा खाण्याचा सोडा, नग फॉइलला टेकलेला, एक-दोन मिनिटं. सल्फाइडमधला गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातो, चांदी जागेवर राहते. काम होतं, पण वरवर थोडी मलूल होते. पोकळ मुठीच्या सुऱ्या, हाडाच्या मुठी आणि झीज झालेले नग यात अजिबात घालू नका. बुडवून काढायची तयार द्रावणं आम्लाची असतात, ती सुरीच्या पात्याला चावतात.

डिशवॉशर वर्ज्य. कारण नुसतं साबणाचं नाही. स्टेनलेस आणि चांदी ओल्या टोपलीत एकमेकांना चिकटून राहिली की धातूंमधल्या विजेनं ठिपके पडतात. जेवणात सगळ्यात वाईट मीठ आणि आंबटपणा एकत्र, म्हणजे लोणचं. चमचा बरणीत ठेवून द्यायचा नाही, एवढं पथ्य पाळा. हळद चांदीला काही करत नाही, पण हाडाची मूठ पिवळी करते. जिथं थर जाऊन निकेल उघडं पडलंय तो चमचा आंबट पदार्थात वापरू नका. तोंडात धातूची चव येते, आणि निकेलची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो.

ठेवताना प्रत्येक नग सुती कापडात किंवा आम्लविरहित टिश्यूत, वर पॉलिथिनची पिशवी. रबरबँडनं गठ्ठा बांधला तर पिशवीतून बाहेर येईपर्यंत रबराची काळी रेघ कायमची कोरली गेलेली असते. कोकणात, मुंबईत पावसाळ्याआधी सिलिका जेलची पुडी टाका. रोज वापरले तर मात्र यातलं फार करावं लागत नाही. हाताळलेली चांदी कमी काळी पडते.

मूठ हलत असेल तर पातं काढून जुनी राळ टोकदार काडीनं खरवडा, शेपटा वाळूच्या कागदानं स्वच्छ करा, दोन भागांचं इपॉक्सी मिसळून मुठीत अर्ध्यापर्यंत भरा, पातं सरळ रेषेत बसवा, बाहेर आलेलं लगेच पुसा आणि २४ तास उभं ठेवा. जास्त भरलं तर जोडाचा पत्रा फाटतो.

पुन्हा मुलामा द्यायचा का? झीज पाच-सहा नगांवरच असेल तर नको. तेवढे नग मागे ठेवून बाकीचे वापरा. दिलाच तर कारागिराला दोन प्रश्न विचारा: जुना थर उतरवून घासणार का, आणि किती मायक्रॉन चढवणार. ‘चमक येईल’ हे उत्तर पुरेसं नाही. ते शोभेच्या वस्तूंचं काम असतं, सहा महिन्यांत चमच्याची पाठ पुन्हा पिवळी. रोज वापरायचं असेल तर किमान २० मायक्रॉन मागा आणि पाठीला व दात्यांना जास्त, असं सांगा. चोळायची ‘चांदी’ बाटलीत मिळते, तिचा थर नावापुरता असतो. घरी मुलामा करायचा विचार सोडा, द्रावणात सायनाइड असतं. आणि काम देण्याआधी सगळे नग मोजून, ठशांसकट फोटो काढून ठेवा. चहाचे चमचे तिथंही कमी होतात.